खिळेमोळे आणि त्यांचीं घरें

राजेरजवाड्यांच्या कोठारांचीं वर्णनें आमच्या बखरींतून व दप्तरांतून पुष्कळ सांपडतात. कोणत्या गडावर तोफा किती होत्या, दारू किती खंडी होती, तेल-तूप किती मण होतें, यांच्या याद्या संशोधकांनीं मोठ्या कष्टानें छापून ठेविल्या आहेत. परंतु त्याच गडाच्या दरवाजास जे खिळे ठोकले, ते ठोकण्यापूर्वीं कोठें ठेवीत असत व उरलेल्यांचें काय करीत, हें विचारण्याची बुद्धि आजपावेतों फारशी कोणास झालेली दिसत नाहीं. आम्हांसहि ती झाली नसती. पण घरांतील एका दाराची बिजागरी निखळली, तिचा एक पेच शोधण्यासाठीं आम्हीं पत्र्याचा जुना डबा जमिनीवर पालथा केला, आणि हा विषय आपोआपच आमच्या पुढ्यांत येऊन पडला. चार निरनिराळ्या लांबीचे पेच, वांकलेल्या चुका, सायकलच्या साखळीची एक कडी, कसला तरी रबरी वायसर, कुलूप हरवलेली किल्ली, आणि या सर्वांच्या तळाशीं निजामी अमदानींतील हाली शिक्क्याचा एक पैसा! हवा होता तो पेच मात्र निघाला नाहीं. तेव्हां बाजारांतून एक डझन आणिले, एक लाविला, आणि राहिलेले अकरा त्याच डब्यांत टाकले. ज्या वाचकांच्या घरीं असा डबा नाहीं त्यांनीं हा लेख खुशाल सोडून द्यावा. मात्र असें घर निदान मराठवाड्यांत तरी आमच्या पाहण्यांत नाहीं.

या जातीच्या वस्तूंस मराठींत नांवांची वाण नाहीं. लहान ती चूक, मोठा तो खिळा, ओबडधोबड हातघडणीचा तो मोळा. ज्यास आटे आहेत त्यास ग्रंथकार मळसूत्र म्हणतात, कारागीर पेच म्हणतो, आणि खेड्यांतलें पोर इस्क्रू म्हणतें. तो पेच फिरविण्याच्या हत्याराचें सुतारी नांव डिसमिस. नवख्या माणसास तें ऐकून कोणास नोकरींतून काढलें कीं काय असा भास व्हावा. पेच, पुर्जा, औजार हे शब्द फारसी-उर्दूंतून आलेले. ते साऱ्या मराठी मुलखांत चालतात खरे. पण नांदेड-लातुराकडे त्यांना जें घरचेपण आलें आहे त्याचें कारण उघड आहे. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता, कचेरीची भाषा उर्दू होती, आणि इ. स. १९१८ त स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शिल्पशास्त्रासुद्धां सर्व शिक्षण उर्दूंतूनच द्यावयाचें असा संकल्प होता. मराठी सुतार व मुसलमान मिस्त्री एकाच ओट्यावर बसून काम करीत, त्यामुळें हत्यारांच्या नांवांत जातिभेद राहिला नाहीं.

जुन्या गांवगाड्यांत खिळे सांठविण्याचा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नव्हता. नांगर, तिफण, कुळव, गाडी यांचे सांधे बहुतांशीं खुंट्या, पाचरी आणि सोल यांच्या बळावर उभे असत. लोखंड लागावयाचें तें फाळास, पासेस आणि चाकाच्या धांवेस. मोळे लागलेच तर लोहार भात्यापुढें बसून मोजके घडून देई. बलुत्याच्या व्यवहारांत ते शेंकड्यांनीं विकत घेऊन ठेवण्याचें कारण नव्हतें. आठवडेबाजारीं बैलांस पत्र्या मारणाऱ्या नालबंदाजवळ तेवढी खिळ्यांची थैली असे. आट्यांच्या वस्तु तर त्याहूनहि विरळ. आटे हातानें कानशीवर पाडलेले, त्यामुळें प्रत्येक नट आपापल्या बोल्टाशींच जमे, शेजारच्याशीं जमत नसे. ही स्थिति आमच्याकडेच होती असें मात्र नव्हे. विलायतेंतहि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत यंत्र खोललें कीं ज्याचा नट त्याच्याच बोल्टावर ताबडतोब चढवून ठेवावा लागे, नाहीं तर पुन्हां जुळणी होत नसे. अशा जोडप्यांस वेगळें घर कशास पाहिजे?

खिळ्यांस घर नव्हतें तरी इतर बारीकसारीक वस्तूंस होतें, आणि तें पाहण्यासारखें होतें. मराठवाड्यांतील जुन्या घराच्या भिंती दगड-मातीच्या, हात-दीड हात जाडीच्या, कोठें कोठें त्याच्या दुप्पट. छपरास लांकडी पाट्या व वर मातीचा जाड थर, हेंच माळवद. अशा भिंतीची जाडी फुकट कोण घालवील? तिच्यांत दिव्यासाठीं देवळी, भांड्यांसाठीं कोनाडा, आणि दारें लावून बंद केलेलें फडताळ. धान्यासाठीं बळद असे. तेंहि कित्येकदां भिंतीच्या आधारानेंच बांधलेलें. घराचें मोजमापहि खणांवर. दोन खांबांमधील जागा तो खण, म्हणून पांच खणांची माडी, सात खणांचा सोपा. पेटीच्या कप्प्यासहि आम्ही खणच म्हणतों. घर म्हणजे मोठ्या खणांची पेटी आणि पेटी म्हणजे लहान खणांचें घर, अशी कल्पना त्या शब्दाच्या पोटीं असावी असें आम्हांस वाटतें. भाषाशास्त्रज्ञांस तें मान्य होईल न होईल.

पण खरें कौशल्य पाहावयाचें तें उतरंडींत. सर्वांत मोठें मडकें तळीं, त्यावर त्याहून लहान, असें चढत चढत वर अगदीं मुठीएवढें गाडगें. जागा एका मडक्याची अडते आणि सोय सात मडक्यांची होते. खर्च म्हणावा तर कुंभाराचें बलुतें. रोज लागणारें वर, सणावारीं लागणारें मध्यें, आणि गृहिणीनें कोणास न सांगतां गांठीस मारलेला पैका तळाशीं! उतरंडीची ही मांडणी वस्तूच्या आकारावर नसून तिची गरज किती वेळां पडते यावर असे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. दोषहि तिच्यांत एक होताच. तळची वस्तु अवेळीं लागली म्हणजे सारी उतरंड उतरावी लागे, आणि घाईंत एखादें मडकें फुटे. आमचा पत्र्याचा डबा म्हणजे हाच दोष ठेवून बाकीचे सर्व गुण काढून टाकलेली उतरंड होय.

आतां सारख्या खिळ्यांचा जन्म कसा झाला तें पाहूं. इ. स. १८०० च्या सुमारास हेन्री मॉड्स्ले या इंग्रज कारागिरानें आटे पाडण्याचा अचूक चरक सिद्ध केला. त्याच्याच हाताखालीं काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनें पुढें निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट जमवून त्यांच्या आट्यांची सरासरी काढिली, आणि १८४१ त एक नियम सुचविला. आट्याचा कोन सर्वत्र ५५ अंश असावा, आणि पाव इंच जाडीस इंचामागें २० आटे, तीन अष्टमांशास १६, अर्ध्या इंचास १२, याप्रमाणें प्रत्येक जाडीची संख्या ठरलेली असावी. इंग्लंडांतील आगगाड्यांच्या कारखान्यांनीं हा नियम उचलला आणि त्यांच्या पाठोपाठ तो आमच्याकडे आला. लांकडाच्या पेचांची कथा निराळी. पूर्वीं त्यांचें टोंक बोथट असे. १८५४ त बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्डनें टोंकदार पेच करणाऱ्या अमेरिकन यंत्राचे हक्क विकत घेतले, आणि भांडवल कमी पडलें म्हणून आपल्या मेहुण्यास भागीदार केलें. मेहुण्यानें धंद्यावर नजर ठेवण्यासाठीं आपला अठरा वर्षांचा मुलगा पाठविला. तोच जोसेफ चेंबरलेन. पेचांवर पैसा करून तो राजकारणांत शिरला आणि ब्रिटिश साम्राज्याचा वसाहतमंत्री झाला. ग्रोसाच्या, म्हणजे १४४ नगांच्या, पुठ्ठ्याच्या पेट्यांतून जे पेच आमच्या सुतारांच्या हातीं आले, त्यांच्या नफ्यांतून कोठल्या लढाया झाल्या हें आमच्या सुतारांस ठाऊक नव्हतें, हें एक परीनें बरेंच झालें.

या नियमानें एक चमत्कार घडला. कोणताहि नट कोणत्याहि बोल्टास बसूं लागला, आणि त्याच दिवसापासून नट हरवूं लागले. जोपर्यंत वस्तु एकाच जागेची असते तोपर्यंत ती कोणाची हें ती स्वतःच सांगते. ती हजारांसारखी झाली म्हणजे तिची ओळख तिच्या अंगावर राहत नाहीं, तिला ठेवलेल्या जागेवर राहते. खणांची, कप्प्यांची, चिठ्ठ्यांची गरज येथें सुरू होते. कारखान्यांतील कोठारांत प्रत्येक मापास खण, खणास चिठ्ठी, व एक खण रिता झाला कीं दुसऱ्यास हात लावतांक्षणींच नवा माल मागवावयाचा, ही जी शिस्त पुढें रूढ झाली ती सारखेपणाचीच संतति आहे.

मराठी वाचकास याचें सर्वांत सुंदर उदाहरण शोधावयास कारखान्यांत जाण्याचें कारण नाहीं. छापखान्यांतील शिशाच्या अक्षरासहि आम्ही खिळाच म्हणत आलों. जावजी दादाजींच्या निर्णयसागरानें, ज्याची स्थापना १८६९ ची, या खिळ्यांस जें सौष्ठव दिलें त्याची कीर्ति साऱ्या हिंदुस्थानांत होती. इंग्रजी खिळ्यांस थोडीं घरें पुरतात. नागरीस काना-मात्रा व जोडाक्षरें धरून तीं शेंकड्यांनीं लागत, आणि ही संख्या कमी कशी करावी यांत लोकमान्य टिळकांनींहि पुष्कळ डोकें घातलें होतें. जुळारी या घरांकडे न पाहतां हात घाली आणि हवा तोच खिळा उचली. छापून झाल्यावर प्रत्येक खिळा पुन्हां ज्याच्या त्याच्या घरीं टाकावयाचा, हें काम जुळणीइतकेंच महत्त्वाचें मानीत. त्यांत ज्यानें आळस केला त्याच्या पुढच्या फर्म्यांत ‘देव’ च्या ठिकाणीं ‘दैव’ उमटलेंच म्हणून समजावें. पत्र्याच्या डब्यावर ज्यांचा विश्वास आहे त्यांनीं हे खिळे एकदां डोळ्यांपुढें आणावे. घेण्याची सोय ही परत ठेवण्याच्या सोयीवर अवलंबून आहे, ही गोष्ट जुळाऱ्याइतकी दुसऱ्या कोणी ओळखली नाहीं.

मराठवाड्यांत सारखे खिळे-पेच मुबलक आले ते आगगाडीबरोबर. नांदेडास हैदराबाद-गोदावरी व्हॅलीची मीटर गेज गाडी एकोणिसावें शतक संपतां संपतां पोहोंचली. लातुरास बार्शी लाईट रेल्वे १९११ त आली. तिचा पहिला टप्पा १८९७ चा, आणि रूळांतील अंतर अवघें अडीच फूट. ही चिमुकली गाडी उभारणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा मोठा कल्पक गृहस्थ होता. इंजिन असो कीं डबा असो, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार येऊं द्यावयाचा नाहीं, असें त्यानें ठरविलें आणि सारा सरंजाम त्या एका मापास बांधला. व्हिटवर्थनें बोल्टास जें केलें तेंच यानें गाडीस केलें म्हणावयाचें. परंतु नांदेडचा मीटर गेज आणि लातूरचा अडीच फुटी, या दोहोंचे डबे एकमेकांच्या रुळांवर चढणें शक्य नव्हतें. सारखेपणाचे दोन निरनिराळे नियम एकमेकांशेजारीं आले म्हणजे काय होतें याची ही पहिली चुणूक होती.

लातूर शहर तर स्वतःच एक खणांची पेटी आहे. १९१७ त तेथें गंजगोलाईची दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली. आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. मधोमध अंबाबाईचें देऊळ, आणि गोलाईपासून फुटलेले सोळा रस्ते. सोनें एका बाजूस, पादत्राणें दुसऱ्या बाजूस, मिरची एकीकडे, गूळ दुसरीकडे, असे निरनिराळ्या जिनसांचे बाजार या रस्त्यांस लागून वसले. खेड्यांतून आलेल्या माणसास पाटी वाचतां येत नसली तरी कोणता जिन्नस कोठें मिळेल तें मध्यें उभें राहून कळावें, याहून चांगल्या मांडणीची कसोटी आम्हांस ठाऊक नाहीं.

तथापि माल आला तरी तो स्वस्त पडत नसे. हैदराबादचा रुपया हाली आणि बाहेरचा कलदार. सात हाली रुपये मोजावे तेव्हां सहा कलदार हातीं येत. त्यांतून हद्दीवर करोडगिरीचा नाका. मुंबईहून आलेला पेच सोलापुरापेक्षां लातुरास महाग पडावा हें ओघानेंच आलें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, ब्रिटिश हिंदुस्थानांत लोखंडावर सरकारी नियंत्रण बसलें आणि साधा खिळाहि दुर्मिळ झाला. जुन्या लोकांस वांकडी चूक दगडावर ठेवून हातोडीनें सरळ करण्याची जी खोड लागली ती या दिवसांची. नव्या पिढीस ती कवडीचुंबकपणा वाटते. आमचें मत निराळें आहे. चूक सरळ करून ठेवणें हा कवडीचुंबकपणा नव्हे. ती सरळ करून, पुन्हां कधीं सांपडणार नाहीं अशा जागीं टाकणें हा मात्र आहे.

ज्या घरांत खिळाच महाग तेथें खिळ्यासाठीं पेटी विकत कोण आणणार? म्हणून फुकटच्या वस्तूंवर डोकें चालवावें लागलें. पहिला मान रॉकेलच्या चार गॅलनी डब्याचा. विहिरीवर पाणी ओढण्यापासून झोपडीवर पत्रा म्हणून मारण्यापर्यंत हिंदुस्थानांत याचा उपयोग झाला नाहीं असें काम नाहीं. तो लांबीनें चिरला म्हणजे दोन तबकें होतात. कांठ आंत दुमडून ठोकावे, नाहीं तर बोट कापलेंच. उरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या उभ्या-आडव्या बसविल्या कीं बारा खण सहज निघतात. दुसरा मान काडेपेटीचा. अंबरनाथच्या विम्को कारखान्यानें, ही कंपनी १९२३ ची, सरकती पेटी घरोघर पोहोंचविली. बारा रिकाम्या पेट्या तीन-तीनच्या चार ओळींनीं खळीनें चिकटवाव्या, भोंवतीं जाड कागद गुंडाळावा, आणि प्रत्येकीच्या तोंडाशीं सदऱ्याचें तुटकें बटण दोऱ्यानें ओंवून मूठ करावी. शाळकरी मुलांनीं सुटींत करण्यासारखें हें काम आहे. मात्र या कपाटाचा उपयोग चुका, घड्याळाचे पेच, शिवणयंत्राच्या सुया एवढ्यांनाच. दीड इंची पेच भरले कीं तळ सुटतो. तिसरा मान डालडाच्या पिंवळ्या डब्याचा, जो १९३७ नंतर आला. त्याची कीर्ति तुळशीच्या कुंडीपर्यंत पोहोंचलेली असल्यामुळें अधिक लिहीत नाहीं.

डबे फुकट मिळाले तरी गंज फुकट सोडीत नाहीं. पावसाळ्यांत बंद डब्यांतसुद्धां पेच लाल होतात. यावर कळीच्या चुन्याचा खडा चिंधींत बांधून खणांत ठेवणें हा उपाय चांगला. चुना दमट हवा शोषून घेतो. तो पेचांत मोकळा मात्र पडूं देऊं नये. तेल लावावयाचें तर यंत्राचें. आमच्याकडे करडई आणि जवस घरचे, म्हणून पुष्कळ लोक तेंच तेल बोटानें फांसतात, आणि वर्षानें पाहावें तों नट बोल्टावर चिकटून बसलेला! या तेलांचा स्वभावच हवेंत सुकून पापुद्रा धरण्याचा आहे. रंगाऱ्यास जवस आवडतो तो याच गुणामुळें. लोहारास तो आवडण्याचें कारण नाहीं.

येथपर्यंत सर्व सुरळीत होतें. पण मोजमापांची क्रांति झाली आणि नीट लावलेल्या डब्यांतहि घोटाळा शिरला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतांत आलें. त्यानंतर सुमारें दोन महिन्यांनीं, १८ नोव्हेंबरला, वॉशिंग्टन येथें अमेरिका, इंग्लंड व कानडा यांनीं ६० अंशांच्या एकाच आट्याचा करार केला, कारण महायुद्धांत एकाचे नट दुसऱ्याच्या बोल्टांस न बसल्यानें अतोनात नुकसान झालें होतें. नव्या नियमांत पाव इंचास २० आटे, तीन अष्टमांशास १६, हें जुन्यासारखेंच राहिलें. पण अर्ध्या इंचास १२ ऐवजीं १३ आले. पुढें १९५६ त भारतानें वजनमापांचा कायदा करून दशमान पद्धति स्वीकारली, आणि मिलिमीटरचे बोल्ट आले. सहा मिलिमीटरचा बोल्ट पाव इंचीच्या शेजारीं ठेवला तर डोळ्यांस फरक दिसत नाहीं. बाजारांत तर तिसरेंच माप चालतें. इंचाचा आठवा भाग तें एक सूत. म्हणून दोन सुती, तीन सुती, चार सुती. कायदा होऊन पांच तपांच्या वर झालीं तरी लोखंडाच्या दुकानांतलें सूत अजून सुटलें नाहीं.

याचा एक दाखला आमच्याच शेतावरचा. ऑइल इंजिनाच्या पायाचा चार सुती बोल्ट ढिला झाला, डब्यांत चार सुती नट होता, तो चढविला. दोन फेरे सरळ गेला, तिसऱ्यास अडला. गंज असेल असें समजून आम्हीं पान्ह्यास लोखंडी नळी जोडून जोर केला आणि आटे मेले. बोल्ट बारा आट्यांचा होता, नट तेरा आट्यांचा. हंगामाच्या ऐन दिवसांत पाणी तीन दिवस बंद राहिलें, आणि त्या तीन दिवसांचें नुकसान एका नटाच्या किमतीशीं ताडून पाहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. तेव्हांपासून आम्हीं एक साधी युक्ति पाळतों. दोन बोल्ट आट्यांस आटे लावून उजेडाकडे धरावे. फटींतून उजेड दिसला नाहीं तर ते एका जातीचे, दिसला तर निराळ्या. ज्यास माप वाचतां येत नाहीं त्यासहि ही परीक्षा येते.

मग घरांतील डबा मापावर लावावा कीं कामावर? कारखान्यानें मापावर लावावा यांत वाद नाहीं. त्याच्याजवळ माल अपार असतो. पण ज्या घरांत एकूण दोनशें नग आहेत तेथें तीस मापांचे तीस खण करणें म्हणजे प्रत्येक खणांत सहा-सात नग आणि सारा वेळ चिठ्ठ्या वाचण्यांत. आमच्या मतें घरानें उतरंडीचा धडा घ्यावा. दाराखिडक्यांचें एक, विजेचें एक, सायकल-मोटारचें एक, नळाचें एक, शेतीपंपाचें एक. ज्या कामास बसावयाचें त्याचा डबा घेऊन बसावें. शिवाय एक डबा फुटकळाचा असूं द्यावा, पण तो एकच असावा आणि लहान असावा. भरला कीं एका रविवारीं ओतून निवडावा. मोठा फुटकळ डबा ठेवणें म्हणजे निवडण्याचा रविवार कायमचा पुढें ढकलणें होय.

आतां शेवटीं त्या जाड भिंतींविषयीं लिहिणें भाग आहे, कारण कोनाड्यांचें वर्णन आम्हीं वर मोठ्या प्रेमानें केलें. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत धरणी हादरली. आदल्या दिवशीं गणपतींचें विसर्जन करून लोक निजले होते. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें आठ हजार माणसें गेलीं. त्यांतील बहुतेक स्वतःच्याच भिंती आणि माळवद अंगावर येऊन गेलीं. भिंत जाड होती, पण ती एक भिंत नव्हती. आंतला व बाहेरचा असे दगडांचे दोन थर आणि मध्यें भराव, आणि दोहोंस बांधणारे आरपार दगड नाहींत. हादरा बसतांच दोन्ही थर सुटले आणि वरची मणावारी माती खालीं आली. जेथें छपराचा भार लांकडी खांब-तुळयांवर होता, म्हणजे जें खरोखरीचें खणांचें घर होतें, तेथें पुष्कळ ठिकाणीं भिंती पडल्या तरी सांगाडा उभा राहिला, आणि आंतलीं माणसें वांचलीं. जागा पुरविणाऱ्या भिंतीपेक्षां भार पेलणारा खांब निराळा असावा, ही गोष्ट ज्या जुन्या सुतारांनीं पाळली होती त्यांचीं नांवें कोठें नोंदलेलीं नाहींत.

पुढें बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं. नव्या घरांच्या भिंती पातळ, कोनाडा नाहीं, देवळी नाहीं, फडताळ नाहीं. तो कोनाडा परत यावा असें कोणी म्हणणार नाहीं, आम्हीहि म्हणत नाहीं. पण देवापुढचा दिवा, वहिवाटीची औषधाची पुडी, खिळ्यांचा डबा, हीं सर्व एकाएकीं बेघर झालीं, आणि बराच काळ तीं जमिनीवर, खिडकीच्या कडेवर, नाहीं तर पलंगाखालीं राहिलीं. पातळ भिंतीस पोट नसतें. तिच्यावर फळी ठोकावी लागते.

या फळीचा मात्र एक चांगला उपयोग आहे. तिच्या वरच्या बाजूस डबे राहतात हें सर्वांस ठाऊक आहे. खालची बाजू रिकामी जाते. लोणच्याच्या किंवा मधाच्या रिकाम्या, आट्यांच्या झांकणाच्या बरण्या घ्याव्या, झांकणें फळीस खालून पेचांनीं पक्कीं करावीं, आणि बरण्या त्यांत फिरवून टांगाव्या. आंतला माल झांकण न काढतांहि दिसतो, पोरांच्या हातास लागत नाहीं, आणि खर्च चार पेचांचा. आट्यांच्या तोंडाची काचेची बरणी ही अमेरिकेंतील जॉन मेसन याची कल्पना. त्याचें पेटंट ३० नोव्हेंबर १८५८ चें. काचेऐवजीं प्लॅस्टिकची बरणी घेतली तरी चालते, व पडली तर फुटत नाहीं. पण अर्ध्याहून जास्त भरूं नये, तिचे आटे लोखंडाचें ओझें फार दिवस सोशीत नाहींत. झांकणास मध्यभागीं एकच पेच मारला तर बरणी फिरवितांना झांकणहि तिच्याबरोबर फिरतें आणि कांहीं केल्या उघडत नाहीं, म्हणून दोन मारावे, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. आम्हीं पहिल्या वेळीं एकच मारला होता. डब्यांत टाकलेल्या त्या अकरांपैकीं सहा पेच अशा रीतीनें तीन बरण्यांस लागले, पांच पहिल्या बरणींत आहेत. आणि बिजागरीचा पेच पुन्हां ढिला झाला आहे.